पत्र्याखालचं रोमिंग

मेसेज आला तेव्हा मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानेच फोन उघडला. गेल्या तीन महिन्यांत आपला इंटरनेटचा बहुतेक वापर राज्याबाहेर झाला आहे, रोमिंगची ठरवून दिलेली मर्यादा आपण ओलांडली आहे, सबब एक तारखेपासून आपलं रोमिंगमधलं इंटरनेट बंद करण्यात येईल, असं कंपनीचं म्हणणं होतं. शेवटी एक सल्लाही होता. आपण दुसऱ्या राज्यात राहत असाल तर कृपया तिथलं कनेक्शन घ्यावं. त्या तीन महिन्यांत मी शाळा आणि घर सोडून एकदा नवऱ्याच्या खोलीवर हदगावला आणि दोनदा देगलूरच्या बाजाराला गेले होते. भाकरी तव्यावर करपली. मी कंपनीला दोन शिव्या हासडल्या. वर्गातल्या कोणी तसल्या दिल्या असत्या तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं.

"आई, कोणाला बोलून राहिलीस?" मागच्या खोलीतून पोरीने विचारलं.

"कोणाला न्हाई. तू वाच."

आमचं गाव देगलूर तालुक्यात, अगदी काठावर. घराच्या मागे एक शेत, शेतापलीकडे नाला आणि नाल्यापलीकडे तेलंगणा. आपल्या बाजूचा टॉवर पश्चिमेला, माळाच्या आड. तिकडचा टॉवर मात्र नाल्याच्या पल्याड असा उभा की मागच्या दारातून त्याच्या शिडीच्या पायऱ्या मोजता याव्यात. फोनला काय, जिथून हाक जोरात येईल तिकडे तो जायचा. शाळेतून घरी येऊन मी मागच्या खोलीत पर्स टेकवली की दुसऱ्या राज्यात माझं स्वागत असल्याचा मेसेज यायचा. रोज स्वतःच्या घरात पाहुणी. गावाला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडे सुना तिकडून येतात, लेकी तिकडे जातात, बोलताना अर्धं वाक्य तेलुगूत संपतं. तू कोणत्या राज्यातला, असं कोणी कोणाला विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. ते विचारायला मोबाइलची कंपनी यावी लागली.

मीही ते हसण्यावारी नेलं असतं, पण त्या वर्षी पोरगी घरी होती.

तिला दहावीनंतर लातूरला ठेवलं होतं. डॉक्टर व्हायचं तिने सातवीतच ठरवलं होतं आणि मराठवाड्यात डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूर, हे ठरवायची कोणालाच गरज नव्हती. क्लासच्या गल्लीत सकाळी सहाला पाठीवर दप्तरं लावलेली पोरं अशी निघायची की गावात जत्रा आहे असं वाटावं. प्रत्येक भिंतीवर निकालाचे फोटो, प्रत्येक दुसऱ्या घरावर 'मुलींसाठी खोल्या मिळतील' ही पाटी. पोरीने तिथे दीड वर्ष काढलं आणि बारावीच्या ऐन हिवाळ्यात मेसच्या पाण्याने तिला कावीळ झाली. बोर्डाची परीक्षा तिने कशीबशी दिली. डॉक्टरांनी बजावलं, आता घरचं जेवण आणि अंथरूण, लातूर नाही. प्रवेश परीक्षा मे महिन्यात. क्लासवाल्यांनी एवढं केलं की तिला एक टॅब दिला. लेक्चरं त्यावर यायची आणि दर रविवारी दुपारी दोनला तीन तासांचा पेपर. टॅबला इंटरनेट माझ्या फोनवरून. म्हणजे माझा फोन बंद पडला की लातूर बंद. शेजारच्यांचे फोन तेव्हा बटणांचे होते, मागायची सोय नव्हती. पोरगी हाडांचा सापळा झाली होती, डोळ्यांतला पिवळेपणा पुरता गेला नव्हता आणि तरी पहाटे उठून बसायची. परीक्षेपर्यंत आता असे सहाच रविवार होते आणि तिचं वर्ष त्या सहा पेपरांवर होतं.

नवऱ्याला फोन केला. तो कृषी खात्यात, हदगावला. शांत माणूस. माझा राग त्याला इतक्या लांबूनही दिसतो.

"अगं, तिकडचं सिम घे की एखादं," तो म्हणाला. "नाल्यापलीकडच्या दुकानात मिळतंय."

"त्याला तिकडचा पत्ता लागतो."

"तो दुकानदार लावतो कोणाचा तरी. सगळे घेऊन राहिलेत."

"सगळे घेऊ देत. मी मास्तरीण आहे. दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या पत्त्यावर मी न्हाई राहत."

त्याने सिमचा विषय सोडला. मग हळूच म्हणाला, "मग समोरच्या खोलीत तरी बसव तिला. तिथं आपल्या टॉवरची रेंज येते थोडी."

"ती खोली सोडून बोला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

समोरच्या खोलीबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या घराला एकच खोली स्लॅबची आहे, रस्त्याकडची. नवऱ्याने हौसेने बांधली. तिच्यात ज्वारीची पोती, कपाट आणि आला तर पाहुणा. आम्ही राहतो मागे, पत्र्याखाली. तिथेच खाटा, तिथेच पोरीचं टेबल. लागून स्वयंपाकघर, तेही पत्र्याचं. घर बांधताना मी एकच अट घातली होती, माझ्या डोक्यावर पत्रा पाहिजे. एप्रिलमध्ये तो पत्रा असा तापतो की पोरगी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचते. पण पत्रा पडला तर माणूस जखमी होतो, मरत नाही.

माझं माहेर किल्लारीच्या अलीकडे. मी बारावीला होते. उडीद खळ्यावर पडला होता म्हणून माझे वडील, अण्णा, आणि मी राखणीला शेतात झोपलो होतो. आई घरी होती. आमच्याकडची घरं दगडामातीची, वर हातभर मातीचं माळवद. विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे जमीन हलली आणि आम्ही धावत गावात आलो तेव्हा आमची गल्ली कुठली हेच कळेना. पुढचं मी लिहीत नाही. नंतर नव्या गावात सिमेंटची घरं मिळाली. लोकांनी त्यांत धान्य भरलं, भांडी ठेवली आणि स्वतः पुढे पत्र्याची खोपटं टाकून त्यांत झोपले. वर्षानुवर्षं झोपले. बाहेरचे लोक हसायचे, चांगलं घर असून हे बघा कुठं राहतात. अण्णा शेवटपर्यंत पत्र्याखालीच राहिले आणि मी लग्न करून आले तेव्हा ती सवय घेऊनच आले.

त्या दिवसांतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. पडलेल्या घरांच्या याद्या करायला माणसं आली होती. टेबल टाकून बसलेल्या एकाने अण्णांना विचारलं, "तुम्ही राहायला गावात की शेतात?" अण्णा म्हणाले, गावात. तो म्हणाला, "मग त्या रात्री शेतात कसे?" म्हणजे आम्ही जिवंत होतो हाच आमच्याविरुद्धचा पुरावा. अण्णांनी टेबलावर हात टेकले. मग म्हणाले, "माझी बायको राहत होती तिथं. जाऊन तिला विचारा." त्या माणसाने मान खाली घालून नाव लिहिलं. तेव्हापासून टेबलामागून कोणी मला तुम्ही कुठं राहता असं विचारलं की माझी कानशिलं तापतात.

म्हणून मी नांदेडला गेले. ग्राहक सेवेला फोन करून हात टेकले होते. एक दाबा, दोन दाबा, मग एक बाई गोड आवाजात सांगायची की आमच्या माहितीप्रमाणे आपण राज्याबाहेर आहात. शाळेतून रजा टाकली, सकाळची एसटी पकडली. पिशवीत रेशन कार्ड, लाइट बिल, मतदार ओळखपत्र, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि मुख्याध्यापकांचं पत्र. कंपनीच्या दुकानात थंडगार हवा होती. टोकन घेऊन तासभर बसले. काउंटरवरचा माणूस तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र. माझी कागदं त्याने नुसती सरळ करून ठेवली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, हे बघा. सकाळी सात ते साडेबारा तुम्ही आपल्या टॉवरवर. बाकी सगळा वेळ तिकडच्या. सिस्टीमच्या मते तुम्ही राहता तिकडं आणि नोकरीला येता इकडं."

"सिस्टीमला सांगा, माझी खाट महाराष्ट्रात आहे."

"ते बरोबर आहे मॅडम, पण वापर..."

"मी कर भरते इथं, मत देते इथं, शिकवते इथं. तुमचा टॉवर माळाआड लपलाय त्याला मी काय करू? तो पुढं आणा. मला का हाकलता?"

मागची रांग ऐकत होती. त्याने आवाज खाली केला. फोनमध्ये आपलंच नेटवर्क धरून ठेवायची सोय असते, ती त्याने मला दाखवली. ती पोरीने केव्हाच करून पाहिली होती, मागच्या खोलीत आपलं नेटवर्क धरलं की फोन मुकाच होतो. मग त्याने विचारलं, घरात दुसरीकडे कुठे रेंज येते का. मी सांगितलं, समोरच्या खोलीत येते, थोडी.

"मग तिथंच झोपा की मॅडम. रोमिंगचा प्रश्नच मिटला."

त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी कुठं झोपायचं ते तुमची कंपनी सांगणार?" मी इतक्या मोठ्याने बोलले की दाराशी उभा असलेला वॉचमन आत आला. त्या इस्त्रीच्या शर्टने मात्र मान दिला. पत्ता तपासणीचा अर्ज भरला, पोचपावती दिली, आठ-दहा दिवसांत माणूस घरी येईल म्हणाला. तोवर इंटरनेट चालू ठेवणं त्याच्या हातात नव्हतं. मी ती पावती जपून पिशवीत ठेवली. येताना एसटीत बसून मला उगाचच जिंकल्यासारखं वाटत होतं.

एक तारखेला दुपारी टॅबवरचं लेक्चर मध्येच थांबलं. गुरुजी तोंड उघडं ठेवून खडू हातात धरून तसेच राहिले. पोरीने टॅब पालथा घातला आणि जुनं पुस्तक काढलं. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

रविवारच्या पेपरासाठी मी शाळा ठरवली होती. शाळा गावाच्या पश्चिमेला, तिथे आपला टॉवर मिळतो आणि किल्ली माझ्याकडेच असते. कंपनीला पाणी पाजायचं होतं मला. दीडला आम्ही दोघी छत्री घेऊन निघालो. शाळेच्या फाटकात पोचलो तर आत शंभर माणूस. एप्रिल महिना, लग्नसराई. आमच्याकडे नवरदेवाचं वऱ्हाड उतरतं ते शाळेतच, आणि दुसरी किल्ली सरपंचांकडे असते हे मी विसरले होते. माझ्या वर्गात फळ्याला आरसा टेकवून नवरदेवाची दाढी चालली होती. व्हरांड्यात बाया साड्या नेसत होत्या. मैदानात बँडवाले वाजवून बघत होते. एका म्हाताऱ्या वऱ्हाडणीने आम्हाला मुलीकडच्या समजून पाण्याचा तांब्या भरून आणायला सांगितला. पोरीने तो भरून आणलासुद्धा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चल घरी. वीस मिनिटं राहिलीत."

घरी आल्यावर ती मागे गेली नाही. तिने समोरच्या खोलीचं दार लोटलं, ज्वारीचं एक पोतं ओढून बाजूला केलं, दुसऱ्यावर टॅब ठेवला आणि खाली बसली. मी उंबऱ्याबाहेर उभी होते.

"ऊठ तिथून," मी म्हटलं.

"न्हाई."

"त्या कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वागायचं का आपण? माझी पावती आहे. माणूस येणार आहे."

"आई," ती म्हणाली, "तू कंपनीशी भांडून न्हाई राहिलीस. तू या छताशी भांडून राहिलीस. कंपनी आत्ता आली."

मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"लातूरला गेले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर खोली होती माझी. वर अजून दोन मजले. पंधरा दिवस जिन्यात बसून झोपले मी. पोरी हसायच्या. भूकंपात मी होते का? मी तर जन्मले पण नव्हते. पण तुझं तोंड बघून बघून शिकले होते, छत म्हणजे पडणार. मग एक दिवस मी खोलीत जाऊन पडले आणि स्वतःला म्हटलं, पडू दे पडायचं तर. नाही पडलं. तुला सांगितलं न्हाई, तू मला परत घेऊन गेली असतीस." तिने टॅब चालू केला. "डॉक्टर झाल्यावर दवाखान्याला पत्रे टाकायचे का मी?"

दीड वर्षात दर आठवड्याला फोनवर बोललो होतो आणि ती मला जेवणाचं सांगायची. मला वाटायचं, माझी पोरगी भारी धीट. ती धीट झाली होती ते माझ्यापासून लपूनछपून. मला इतकी लाज वाटली की राग कुठे गेला ते कळलं नाही.

"रेंज नाही," ती म्हणाली. "आई, दोनला दहा कमी आहेत. रेंजच नाही."

खिडकीत नव्हती, दारात नव्हती. पोरीने फोन वर धरून खोलीभर फेरी मारली. खिडकीच्या वर, छताला लागून एक झरोका आहे जाळीचा. तिथे हात उंचावला की आपल्या टॉवरची दांडी यायची. फोन झरोक्यात ठेवला की जायची, हातात धरून जाळीला टेकवला की परत यायची. का ते कंपनीलाच माहीत. पोरीला एका हाताने फोन धरून पेपर सोडवता येणार नव्हता.

मी स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. उंबरा ओलांडताना आधी छताकडे बघितलं, खोटं कशाला सांगू. या खोलीत मी झाडू मारायला येत असे तेव्हाही दार सताड उघडं ठेवून, पाच मिनिटांत. स्टुलावर चढले. फोन जाळीला टेकवला. माझं डोकं आणि स्लॅब यांत वीतभर अंतर होतं. सिमेंटचा थंडा वास नाकात येत होता.

"आली," पोरगी म्हणाली. "हलू नको."

पहिला अर्धा तास मी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी डोळे मिटून घेत होते. खोली जराशी थरथरायची, ज्वारीची लाही फुटावी तसा आवाज कपाटातल्या भांड्यांचा व्हायचा आणि मी मोकळ्या हाताने जाळी घट्ट धरायची. खाली बघितलं की पोरीची वाकलेली मान आणि भराभर चालणारं बोट दिसायचं. ट्रॅक्टर गेला तेव्हा तिने मानही वर केली नाही. मग मीही डोळे उघडे ठेवले. हात बदलत गेले. खांद्यात कळ निघायला लागली तसं कंपनीला मनातल्या मनात सगळं सुनावलं, देगलुरी मराठीत आणि थोडं तेलुगूत. मग यादीवाल्या माणसालाही सुनावलं. मग त्या स्लॅबलाही. तू पड बघू, म्हटलं. मी इथून हलत नाही. माझ्या पोरीचा पेपर चालू आहे.

साडेतीनच्या सुमारास दारात मोटारसायकल थांबली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक माणूस फाइल घेऊन उंबऱ्याशी आला. मला वर बघून तो बिचकला.

"बाई, पत्ता तपासणीला आलोय. ग्राहक इथंच राहतात का?"

"तुमच्याच कंपनीची रेंज धरून उभी आहे," मी म्हटलं. "पेपर संपला की बोलते. पायरीवर बसा. माठ बाहेर आहे."

तो बसला. दीड तास बसला. दोनदा पाणी प्यायला, एकदा उठून जायला निघाला, तेव्हा मी वरूनच त्याला पावती क्रमांक वाचून दाखवायला सांगितला आणि तो परत बसला. पाच वाजले. पोरीने शेवटचं बटण दाबलं, वर बघितलं आणि मान हलवली. माझा हात खालीच येईना. तिने उठून तो दोन्ही हातांनी धरून खाली आणला, फोन काढून घेतला आणि हात चोळत राहिली.

त्या माणसाने फाइल उघडली. या घरात किती वर्षं राहता, सोळा. घर स्वतःचं, हो. घरात माणसं किती, तीन. मग त्याने खोलीभर नजर फिरवली.

"हीच राहायची खोली का?"

पोरीने हात चोळणं थांबवलं.

"हीच," मी म्हटलं. "लिहा."

त्याने लिहिलं. मग म्हणाला, "एक फोटो लागतो बाई, घरासमोर उभं राहून. बाहेर उजेडात या."

मी पोरीला जवळ ओढलं आणि जागेवरून हलले नाही. "इथंच काढा," मी म्हटलं. "आणि वरचं छत येऊ द्या त्यात."